गोल टोकाचा वस्तरा

गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू तिच्या हातचं होतं, पण त्यातल्या एकालाही ते माहीत नव्हतं. ती कवळ्या बनवायची. दंतवैद्य पेशंटच्या तोंडाची मापं तिच्या लॅबमध्ये पाठवायचे, ती मेणात एकेक दात रोवायची, कोरायची, घासायची आणि तयार कवळी डबीत घालून परत धाडायची. रस्त्यात कुणी आजोबा तोंडभर हसले की हिचे पाय थबकायचे. घरी आल्यावर नवऱ्याला सांगायची, "वरची माझी होती. खालची दुसऱ्या कुणाचीतरी. बोलताना नाचत होती नुसती."

नवरा बसस्थानकावर अनाउन्सर. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागणार हे सांगणारा त्याचा भारदस्त आवाज पोराटोरांनाही पाठ होता, पण माणूस म्हणून त्याला फारसं कुणी पाहिलेलं नव्हतं. दिवसभर तो एका मळकट काचांच्या खोलीत मायकसमोर बसायचा. त्यांची ओळखही त्या आवाजामुळेच झाली. त्यानं एकदा फलाट चुकीचा सांगितला, तिची गाडी गेली, आणि ती तरातरा त्याच्या खोलीत भांडायला गेली. भांडण इतकं रंगलं की पुढची गाडीही गेली. मग त्यानं चहा पाजला, आणि पुढचं सगळं रीतसर झालं.

अशी ही दोघं पडद्यामागची माणसं. संसार चांगला चालला होता. एकच गोष्ट तिला सलायची. भेट निवडण्यात नवरा वाकबगार आणि ती अगदी ढ. त्यानं तिला कामाच्या टेबलावर बसवायचा भिंगाचा दिवा आणून दिला होता, तो बघून ती आठवडाभर खुशीत होती. आणि ती त्याला काय द्यायची? शर्ट. बाह्या लांब, नाहीतर कॉलर घट्ट. तो पुडकं उघडायचा, "वा!" म्हणायचा आणि शर्ट कपाटात जायचा. ते "वा!" तिला चांगलं ओळखू यायचं. गाडी उशिरानं येत असल्याचं तो ज्या सुरात सांगायचा, अगदी त्याच सुरातलं.

यंदा लग्नाला पंचवीस वर्षं होत होती. तिनं मनाशी ठरवलं, आता शर्ट नाही. त्याला वस्तरा द्यायचा.

आता इथं एक सांगायला हवं. नवऱ्याला जुने वस्तरे जमवायचा नाद होता. घडी घालून मुठीत मिटणारे, पूर्वी न्हाव्यांकडे असायचे तसले. शिंगाच्या मुठीचे, लाकडी मुठीचे, पात्यावर नक्षी कोरलेले. कपाटाचा एक अख्खा खण त्यानं त्यांना दिला होता. रविवारी सकाळी तो ते टेबलावर मांडायचा, तेलाच्या फडक्यानं पुसायचा, चामड्याच्या पट्ट्यावर सटासट फिरवायचा, उजेडात धरून धार बघायचा आणि पुन्हा मलमलीत गुंडाळून ठेवायचा. आणि गंमत अशी की या माणसाला भरघोस दाढी होती. लग्नाच्या आधीपासून. गालफडं, हनुवटी, गळा, सगळं त्या जंगलात गडप. कुणी हसून विचारलंच तर तो शांतपणे म्हणायचा, "लोक भिंतीवर वाघाचं चित्र लावतात. वाघ पाळतात का?"

तर वस्तरा घ्यायचा ठरलं. पण कुठला? त्याला विचारावं तर बिंग फुटणार. शेवटी तिनं बाजारामागच्या गल्लीतलं कात्रीवाल्या काकांचं दुकान गाठलं. कात्र्या-सुऱ्यांना धार लावणारे हे काका जुने वस्तरेही बाळगून असत, आणि विकायच्या बाबतीत भलतेच विक्षिप्त आहेत असं तिनं नवऱ्याच्याच तोंडून ऐकलं होतं.

काकांनी चष्म्यावरून तिला न्याहाळलं. "कुणासाठी हवाय?"

"मिस्टरांसाठी."

"दाढी कशी आहे त्यांची? राठ की मऊ?"

"राठ. उशीला भोकं पडतील अशी."

"आणि हनुवटी?"

"हनुवटीचं काय?"

"अहो बाई, टोकदार आहे, पसरट आहे, मध्ये खळी आहे का, काहीतरी असेल ना. वस्तरा म्हणजे टाय नाही, कुणाच्याही गळ्यात बांधायला. चेहरा कळल्याशिवाय मी पातं दाखवत नाही."

दुसऱ्यांचे जबडे बघून तिचा जन्म गेला होता. कुणाचा खालचा जबडा पुढे आलाय, कुणाचा आत गेलाय, ती डोळे मिटून सांगू शकायची. आणि जो माणूस रोज समोर बसून चहा पितो त्याची हनुवटी आपण एकदाही नीट पाहिलेली नाही, हे तिला त्या क्षणी पहिल्यांदा जाणवलं.

"बघून सांगते," ती ओशाळून म्हणाली.

"या मग बघून," काका म्हणाले आणि कात्रीला धार लावू लागले.

घरी जाता जाता ती नणंदेकडे वळली. नणंद वयानं मोठी, नवऱ्याला तिनंच अंगाखांद्यावर खेळवलेलं.

"ताई, ह्यांची हनुवटी कशी आहे हो?"

"हनुवटी?" नणंदेनं हातातलं भरतकाम खाली ठेवलं. "आज काय हे मधूनच? अगं, आमच्या घरात हनुवटी कुणालाच नाही, त्याची तर मला आठवतही नाही. ओठ संपले की गळा. म्हणून तर त्यानं दाढी ठेवली असेल."

"फोटो नाही का एखादा? दाढी यायच्या आधीचा?"

"आहे की. शाळेच्या सहलीतला. पण त्यात तो कणीस खातोय."

फोटोत खरोखरच एक मुलगा होता आणि त्याच्या डोळ्यांच्या खाली सगळं कणीस होतं.

आता उपाय एकच उरला. सुट्टीच्या दुपारी नवरा जेवून आरामखुर्चीत पडला की ती वाकून त्याच्या दाढीत डोकवायची. पण दाढी अशी घनदाट की आत उजेडच शिरेना. एकदा त्यानं पटकन डोळे उघडले.

"काय झालं?"

"काही नाही. काहीतरी अडकलंय असं वाटलं."

उरलेला दिवस तो दाढी झटकत राहिला.

मग तिनं शेवटचं अस्त्र काढलं. मापाचं मेण घरी आणलं आणि म्हणाली, "कंपनीनं नवीन मेण पाठवलंय. तुमच्या तोंडात घालून बघायचंय जरा."

"माझे दात शाबूत आहेत."

"म्हणून तर. पेशंटच्या तोंडात प्रयोग करू का? आ करा."

त्यानं आ केला. मेण आत गेलं, तोंड बंद झालं, आणि ज्याच्या आवाजावर अख्खं बसस्थानक हलायचं तो माणूस मुक्यासारखा बसला. अशी संधी पुन्हा येणार नव्हती. तिनं दोन्ही हातांची बोटं दाढीत घातली आणि जबड्याच्या हाडावरून हळूहळू पुढं सरकवत आणली.

हनुवटी होती! चांगली होती. नणंदेचा अंदाज साफ चुकला होता. मेण गरम असताना अंगठा दाबावा तशी मध्ये छोटीशी खळीही होती. तिला इतका आनंद झाला की पेशंटला सांगावं तसं ती म्हणणार होती, छान आहे, काही काळजी नको. तेवढ्यात खळीच्या डाव्या अंगाला बोटाला काहीतरी कडक लागलं. बोटाच्या पेराएवढी एक बारीक रेघ.

तिनं मेण काढलं. "हे काय आहे इथं?"

त्यानं तिचा हात बाजूला केला. "जन्मखूण," तो म्हणाला आणि घाईघाईनं चूळ भरायला गेला.

"जन्मखूण?" दुसऱ्या दिवशी नणंद फोनवर म्हणाली. "अगं, त्याला मी न्हाऊ घातलंय. अंगावर तीळसुद्धा नव्हता."

जन्मखूण बोटाला लागत नाही, हे तिलाही कळत होतं. ती जखमेची खूण होती. कशाची, ते तिनं विचारलं नाही, पण काकांच्या दुकानात गेल्यावर ती रेघ तिच्या बोटांत अजून होती.

काकांनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि मागच्या कपाटातून मखमलीचा तुकडा आणून पसरला. त्यावर त्यांनी तीन वस्तरे मांडले. पहिल्याला शिंपल्याची चमचमती मूठ आणि पात्यावर शिडाचं जहाज, एकेक दोरखंड मोजता यावा असं कोरलेलं. दुसरा काळ्या शिंगाचा, रुबाबदार. तिसरा त्यामानानं गरीब. हाडाची पिवळट मूठ, आणि पात्यावर दोन चिमण्या. त्यातल्या एकीची चोच घासून घासून नाहीशी झालेली.

"हा जहाजाचा कुठलाही शौकीन डोळे झाकून घेईल," काका म्हणाले. "कोरा आहे. कुणाच्या गालाला लागलेला नाही."

तिनं जहाज उचललं, वाहवा केली आणि ठेवलं. चिमण्यांचा वस्तरा हातात घेतला. मूठ थेट जुन्या दाताच्या रंगाची होती. हा रंग जमवायला तिला लॅबमध्ये तासन्‌तास लागायचे. अंगठ्याच्या नखानं काकांनी पात्याला हलकेच टिचकी मारली तेव्हा ते बारीक आवाजात किणकिणलं.

"याचं टोक गोल का?"

"चौकोनी टोक चुकून कातडीत रुततं. गोल टोक माफ करतं. नवशिक्याचा हात असेल, नाहीतर माणूस बिचकणारा असेल, तर हे पातं द्यावं. पण संग्राहक लोक नाक मुरडतात हां. झिजलेला आहे, वापरलेला आहे."

तिच्या बोटांना ती रेघ आठवली. "हाच द्या."

काकांनी लगेच दिला नाही. "मी हा बरीच वर्षं कुणाला दाखवलाही नव्हता. खणात कोंडणार असाल तर इथंच राहू दे."

"ते मी कसं सांगू? दाढी त्यांची आहे."

"खरं बोललात, म्हणून देतो," काका म्हणाले.

लग्नाच्या वाढदिवशी सकाळी चहाच्या कपाशेजारी तिनं डबी ठेवली. नवऱ्यानं आकार बघून "वा!" म्हणायची तयारी केली असावी, कारण तोंड अर्धं उघडलं होतं. पण झाकण उघडल्यावर त्याच्या तोंडून काहीच आलं नाही. त्यानं वस्तरा उचलला, उघडला, खिडकीपाशी नेला. भिंग आणलं. चिमण्या पाहिल्या. टिचकी मारून कान लावला. तिचा जीव भांड्यात पडला. मग त्याचं बोट पात्याच्या टोकाशी आलं आणि तो तिथंच थांबला.

"गोल टोक," तो म्हणाला.

"हो."

"म्हणजे वापरायचा."

"वापरायचा तर वापरा, नाहीतर—"

"म्हणजे दाढी काढ, असं म्हणायचंय तुला."

"मी कुठं तसं म्हटलं?"

"सरळ सांगायचं होतंस. वस्तरा कशाला द्यायचा?" त्याचा आवाज चक्क पडला होता. "इतकी वर्षं आवडत होती, आता आवडेनाशी झाली."

"काय आवडत होती?"

"दाढी!"

"कुणाला?"

"तुला!"

ती त्याच्याकडं बघतच राहिली. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तूच! पहिल्यांदा ठरवून भेटलो तेव्हा. तू म्हणालीस, दाढी शोभते हो तुम्हाला."

आणि मग सगळं बाहेर आलं. त्या भांडणानंतर दोघांनी पुन्हा भेटायचं ठरवलं होतं. तेव्हा तो गुळगुळीत दाढी करायचा, पण भांडणाच्या भरात तिनं ते धड पाहिलंही नव्हतं. त्या दिवशी जरा जास्तच गुळगुळीत व्हावी म्हणून त्यानं रूममेटचा वस्तरा घेतला, आरशासमोर उभा राहून शीळ वाजवत हनुवटीवर फिरवला आणि शीळ मध्येच बंद पडली. टाके पडले. आता असल्या थोबाडानं कसं जायचं? त्यानं तिला निरोप पाठवला, तब्येत बरी नाही. जखम भरेपर्यंत वर दाढी उगवली. तशाच अवतारात तो तिला भेटला, आणि ती म्हणाली, शोभते.

"अहो, मग काय म्हणणार होते?" ती जवळजवळ ओरडली. "आजारातून उठलेला माणूस, गालावर हे रान माजलेलं! वाईट दिसता असं म्हणू? चांगुलपणानं बोलले मी!"

"चांगुलपणानं?"

"चांगुलपणानं!"

"उन्हाळ्यात काय खाजते तुला माहितीये? कढत सूप प्यायचं सोडलंय मी. वाफेनं ओली होते म्हणून."

"आणि मी? सगळीकडं केस! उशीवर केस, साबणावर केस, एकदा तर कवळीत केस सापडला. डॉक्टरांचा फोन आला मला!"

दोघं एकमेकांकडं बघत उभी राहिली. आधी कोण हसलं यावर त्यांचं आजही एकमत नाही. पण हसता हसता तो खुर्चीत कोसळला आणि तिनं पदरानं डोळे पुसले.

"मग काढा की आता," ती म्हणाली.

त्याचं हसू थांबलं. वस्तऱ्याकडं बघत तो म्हणाला, "मला जमणार नाही. त्या दिवसानंतर मी एकही पातं तोंडाला लावलेलं नाही. पुसतो, धार लावतो, ठेवून देतो. हातात असतात तोवर भीती वाटत नाही. गालाजवळ आणलं की हात लटपटतो."

तेव्हा तिला त्या खणाचा अर्थ लागला. तिनं स्वतःचे हात समोर धरले. रोज मेणात केसाएवढ्या रेघा कोरणारे, कधीही न थरथरणारे हात.

"माझा नाही लटपटत," ती म्हणाली.

काकांनी तिला फुग्यांवर शिकवलं. फुगा फुगवायचा, साबणाचा फेस लावायचा आणि तो न फोडता वस्तऱ्यानं उतरवायचा. पहिल्या दिवशी दुकानात युद्ध पेटल्यासारखे आवाज झाले आणि समोरचा चपलावाला दोनदा डोकावून गेला. मग ती घरी सराव करू लागली. एके दुपारी नणंद आली, तर न्हाणीघरात दोरीवर फेसानं माखलेले फुगे ओळीनं टांगलेले आणि भावजय हातात वस्तरा घेऊन उभी.

"काय गं, घरी सगळं ठीक आहे ना?" नणंदेनं दारातूनच विचारलं.

शेवटी एका रविवारी गॅलरीत खुर्ची ठेवली. दाढी आधी कात्रीनं उतरवली, गरम पाण्याचा टॉवेल दिला, फेस लावला. नवऱ्यानं खुर्चीचे हात असे धरले होते की जणू बस घाटातून चाललीय. घाबरला की तो बोलत सुटायचा, आणि बोलायचा तेही कामावरच्याच भाषेत.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. डाव्या गालावरून सुटणारी—"

"बोलू नका. जबडा हलतो."

डावा गाल मोकळा झाला, मग हनुवटीची डावी बाजू. ती जुनी रेघ पहिल्यांदा उन्हात आली. इवलीशी, पांढरी. एवढ्याशा रेघेनं एवढं मोठं जंगल उभं केलं होतं. गोल टोक तिच्यावरून अलगद निघून गेलं. त्यानं डोळे मिटले होते. पातं पुढं सरकल्यावर एक लांब श्वास सोडला, बस्स.

आणि तेवढ्यात फोन वाजला. बसस्थानकावर बदलीचा अनाउन्सर चक्कर येऊन पडला होता. गाड्या भलत्याच फलाटांवर लागल्या होत्या, लोक सैरावैरा धावत होते. साहेब, असाल तसे या.

"अर्धा राहिलाय," ती म्हणाली.

"मला कोण बघतंय?" तो म्हणाला, तोंड धुतलं आणि गेला.

दाराशीच वॉचमननं अडवलं. ओळख पटेना. हा डावीकडून एक माणूस दिसे आणि उजवीकडून दुसरा. शेवटी त्यानं छातीत हवा भरून आपल्या खास आवाजात गाडी सुटत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा वॉचमननं दचकून सलाम ठोकला. दुपारपर्यंत त्यानं सगळा घोळ निस्तरला. चौकशीला येणाऱ्यांसाठी तो सवयीनं दाढीची बाजू पुढं करून बसला होता. एक म्हातारी मात्र खिडकीच्या दोन्ही अंगांनी वाकून बघून आली आणि म्हणाली, "बाळा, आधी ठरव आणि मग घराबाहेर पड."

संध्याकाळी उरलेला अर्धा भाग उतरला. तिनं टॉवेलनं तोंड टिपलं आणि दोन पावलं मागं सरून बघितलं. तरुण दिसत नव्हता. वय झालेलंच होतं, गाल जरासे बसले होते. पण चेहरा सगळा उघडा होता. ती इतका वेळ बघत राहिली की त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

नणंद पाहायला आली आणि हिरमुसून म्हणाली, "याला आहे की हनुवटी! मग मला का नाही?"

आता दर रविवारी सकाळी गॅलरीत खुर्ची लागते. तिचा हात चांगलाच बसलाय, आणि तो आता खुर्चीचे हात धरत नाही. चिमण्यांचा वस्तरा खणात न जाता न्हाणीघराच्या फळीवर असतो. नवऱ्याला एकच अडचण झालीय. इतकी वर्षं त्याचे सगळे भाव दाढीआड बिनभाड्यानं राहत होते, त्यांना आता लपायला जागाच उरली नाही.

परवाच चहा पिताना तिनं त्याचं काहीतरी म्हणणं खोडून काढलं. तो नेहमीसारखा शांत बसला. पण तिचं लक्ष गेलं तर खालचा ओठ लहान मुलासारखा पुढं आला होता.

"अहो," ती कप खाली ठेवत म्हणाली, "तुम्ही रुसता?"

"मी? छे! कधीपासून?"

"तेच विचारतेय मी."